अमेरिकेतल्या शहरांमधल्या सर्वात उंच इमारती: उंची नेमकी कुठवर धरायची?

करी_रोडकर

मंडळाच्या यंदाच्या देखाव्यासाठी उंच इमारतींच्या प्रतिकृती करायच्या आहेत. अमेरिकेतल्या दहा शहरांतली प्रत्येकी एक, म्हणजे त्या त्या शहरातली सर्वात उंच, आणि शेजारी मुंबईतल्या दोन. प्रमाण सगळ्यांना एकच, १:५००. एका मीटरला दोन मिलिमीटर.

अडचण आकड्यांची आहे. शिकागोच्या विलिस टॉवरची (जुना सिअर्स टॉवर) उंची एका यादीत ४४२ मीटर, दुसरीत ५२७. न्यूयॉर्कचं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर ५४१ धरायचं की ४१७? लॉस एंजेलिसमध्ये तर इमारतच बदलते: कुणी विल्शर ग्रँड सांगतं, कुणी यू. एस. बँक टॉवर. बघायला येणाऱ्यांत बारकाईने वाचणारे पुष्कळ असतात, फलकावर चुकीचं काही जायला नको.

दुसरं, नुसते आकडे नकोत. प्रत्येक इमारत तेवढ्याच उंचीवर का थांबली याची दोन-दोन वाक्यं लिहायची आहेत.

तिसरं साहित्याचं. थर्माकोल चालणार नाही, आणि गणपतीच्या दिवसांत हवेत ओल असते. पुठ्ठा टिकेल का?

उभा_छेद

तुमच्या दोन्ही याद्या बरोबर आहेत, फक्त त्या वेगवेगळी गोष्ट मोजतात.

जगभर जो नियम मानतात तो शिकागोच्या 'काउन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटाट' या संस्थेचा. मोजणी सुरू होते सर्वात खालच्या, उघड्यावरच्या, पायी येणाऱ्यांच्या मुख्य प्रवेशद्वारापासून. वर तीन रेघा मारतात: वास्तूचा माथा, माणसं वापरतात तो सर्वात वरचा मजला, आणि अगदी शेवटचं टोक. वास्तूच्या माथ्यात मनोरा (स्पायर) धरतात. अँटेना, झेंड्याची काठी, जाहिरातीचा फलक धरत नाहीत. कारण सोपं आहे, अँटेना उद्या बदलता येते. मनोरा मूळ आराखड्याचाच भाग असतो.

हा वाद १९९६ साली पेटला. क्वालालंपूरच्या पेट्रोनास जोडमनोऱ्यांना ४५२ मीटर मिळाले आणि ४४२ च्या सिअर्स टॉवरचा पहिला क्रमांक गेला, जरी सिअर्समध्ये माणसं त्याहून उंचावर वावरत होती. तेव्हापासून एकाऐवजी वेगवेगळे निकष जाहीर होऊ लागले.

वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बाबतीत २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये हाच प्रश्न पुन्हा आला. मनोऱ्याभोवतीचं आवरण बांधकाम चालू असतानाच रद्द झालं होतं, मग उरली ती अँटेना की मनोरा? संस्थेने मनोरा म्हणून मान्य केलं, म्हणून ५४१.३ मीटर. फुटांत १,७७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं वर्ष. छत मात्र १,३६८ फुटांवर, म्हणजे ४१७ मीटर. पूर्वीच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्याइतकंच.

तेव्हा फलकासाठी हे घ्या, सगळे 'वास्तूच्या माथ्याचे' आकडे:

न्यूयॉर्क, वन वर्ल्ड ट्रेड सेंटर, ५४१. शिकागो, विलिस, ४४२. फिलाडेल्फिया, कॉमकास्ट टेक्नॉलॉजी सेंटर, ३४२. लॉस एंजेलिस, विल्शर ग्रँड, ३३५. सॅन फ्रान्सिस्को, सेल्सफोर्स टॉवर, ३२६. अटलांटा, बँक ऑफ अमेरिका प्लाझा, ३१२. ह्यूस्टन, जेपीमॉर्गन चेस टॉवर, ३०५. क्लीव्हलँड, की टॉवर, २८९. सिएटल, कोलंबिया सेंटर, २८४. दहावं पिट्सबर्गचं यू. एस. स्टील टॉवर घ्या, २५६. उंचीने ते या यादीत शेवटी असलं तरी सांगण्यासारखं त्याच्याकडे भरपूर आहे: बाहेरचे पोलादी खांब पोकळ आहेत आणि आगीत तापू नयेत म्हणून त्यांत पाणी आणि गोठणरोधक भरलेलं आहे. १९७० ची इमारत.

माझा आग्रह एकच. प्रत्येक प्रतिकृतीवर छताच्या पातळीवर एक बारीक लाल रेघ मारा. विल्शर ग्रँडचं छत सुमारे २८५ मीटरवर आहे, वरचे पन्नास मीटर मनोऱ्याचे. शेजारच्या यू. एस. बँक टॉवरचं छतच ३१० वर. म्हणून तुमच्या दोन याद्या भांडतात. सेल्सफोर्सचं छत २९६ वर, त्यावर जाळीचा मुकुट. न्यूयॉर्कमध्ये छताने मोजलं तर सेंट्रल पार्क टॉवर पहिला, ४७२ मीटर. रेघ मारली की हे समजावून सांगावं लागत नाही.

उतारावरच्या जागेची एक गंमत फलकात जरूर घ्या. कोलंबिया सेंटर चौथ्या आणि पाचव्या अव्हेन्यूच्या मधल्या चढावर आहे. कुठल्या दारापासून मोजता त्यावर उंची काही फूट बदलते, म्हणूनच जुन्या पुस्तकांत त्याचे तीन वेगळे आकडे सापडतात.

पायाखालचा_खडक

'का थांबली' याचं उत्तर बहुतेक लोक वर बघून शोधतात. आधी खाली बघा.

मॅनहॅटनमध्ये शिस्ट नावाचा कठीण खडक बऱ्याच ठिकाणी वरच आहे. शिकागोत मऊ चिकणमाती, खडक साधारण तीस मीटर खाली, म्हणून तिथे केसन, म्हणजे खडकापर्यंत नेलेले काँक्रीटचे जाड खांब. ह्यूस्टनमध्ये खडक इतका खोल की तिथवर जायचा प्रश्नच नाही. चिकणमातीवर जाड राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा एकसंध थर, टाकून अख्खी इमारत त्याच्यावर बसवतात. ७५ मजली चेस टॉवर (१९८२) असाच उभा आहे. यात खोल खणण्याला महत्त्व असतं. जेवढ्या वजनाची माती काढली तेवढं इमारतीचं वजन जमिनीला नवं वाटत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत दोन शेजाऱ्यांची तुलना करा, फलकासाठी याहून चांगलं उदाहरण नाही. सेल्सफोर्स टॉवरखाली ४२ आयताकृती पाइल (जमिनीत खोल नेलेले पायाचे खांब) आहेत, सुमारे नव्वद मीटर खोल, खडकात रुतवलेले. जवळच्याच ५८ मजली मिलेनियम टॉवरचे (२००९) पाइल वाळूच्या थरातच, १८ ते २७ मीटरवर थांबवले होते. वजनदार काँक्रीटची इमारत, वाळूखाली जुनी चिकणमाती. ती दाबली गेली, इमारत सुमारे ४६ सेंटिमीटर खचली आणि एका बाजूला कलली. २०२३ मध्ये पदपथाखालून खडकापर्यंत १८ नवे पाइल नेऊन काही भार त्यांच्यावर घेतला. सगळीकडून सारखं खचणं एक वेळ सोसतं. एका बाजूने जास्त खचलं की लिफ्टचे रूळ, सांडपाण्याचे उतार, काचांच्या चौकटी सगळं बिघडतं.

मुंबईशी जोडायचं तर आपल्याकडे बेसॉल्ट, ब्रेशिया, टफ असे खडकांचे थर. बऱ्याच जागी खडक फार खोल नाही, पण भराव घातलेल्या पट्ट्यात वर समुद्री चिखल असतो आणि एकाच प्लॉटमध्ये खडकाची पातळी वरखाली होते. म्हणून चार कोपऱ्यांत चार बोअर (जमीन तपासायची छिद्रं) घेऊन भागत नाही, कोअरच्या, म्हणजे लिफ्ट-जिन्यांच्या मधल्या गाभ्याच्या, खालीही घ्यावी लागतात.

विल्शर ग्रँडचा राफ्टही लिहा. फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे १६,२०० घनमीटर काँक्रीट सलग अठरा तासांत ओतलं, जाडी ५.३ मीटर. आपल्या सहा घनमीटरच्या मिक्सरने ते २,७०० फेऱ्यांचं काम झालं. एवढ्या जाडीत सिमेंटची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून आतून थंड पाण्याच्या नळ्या फिरवल्या होत्या. काळजी दोन आकड्यांची असते: गाभा ७० अंशांच्या वर जाऊ नये, आणि गाभा व पृष्ठभाग यांत २० अंशांहून जास्त फरक पडू नये. फरक वाढला की वरचा थंड थर आक्रसतो, आतला फुगलेला असतो, आणि तडा जातो. आपल्याकडे राफ्ट रात्री ओततात आणि पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालतात ते याचसाठी.

ओळंबा

खालच्या जमिनीनंतर वारा. एका उंचीनंतर प्रश्न इमारत पडण्याचा राहत नाही, वरच्या मजल्यावरच्या माणसाला मळमळण्याचा येतो.

वारा समोरून ढकलतो त्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते बाजूच्या हेलकाव्याने. इमारतीच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात. ते सेकंदाला किती वेळा सुटतात हे काढायचं सूत्र सोपं आहे: ०.१२ गुणिले वाऱ्याचा वेग, भागिले इमारतीची रुंदी. रुंदी २८.५ मीटर आणि वारा सेकंदाला २५ मीटर घेतला तर सेकंदाला ०.१०५, म्हणजे साडेनऊ सेकंदांना एक झोका. आणि चारशे मीटरच्या बारीक इमारतीचा स्वतःचा झोकाही नेमका याच सुमाराचा असतो. झोपाळ्याला ठेक्यात ढकलावं तसं होतं.

उपाय दोन. पहिला, वाऱ्याचा ठेका मोडायचा. न्यूयॉर्कच्या ४३२ पार्क अव्हेन्यूमध्ये (४२६ मीटर उंच, बाजू २८.५ मीटर) दर बारा मजल्यांनंतर दोन मजले मोकळे सोडलेत, वारा आरपार जातो. शिकागोच्या सेंट रीजिसमध्ये (३६३ मीटर) ८३ वा मजला असाच रिकामा आहे. विलिस टॉवर टप्प्याटप्प्याने आखडत जातो, त्यामुळे प्रत्येक उंचीवर रुंदी वेगळी आणि भोवरे एकसुरात सुटत नाहीत. त्याचे अभियंता फझलुर खान यांनी नऊ नळ्या एकत्र बांधल्या त्या मुळात पोलाद वाचवण्यासाठी, पण हा फायदाही पदरात पडला.

दुसरा उपाय डॅम्पर: माथ्यावर जड वस्तुमान, जे इमारतीच्या उलट हलतं. बोस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरमध्ये ५८ व्या मजल्यावर ३०० टनांची दोन आहेत. १११ वेस्ट ५७ स्ट्रीट ही ४३५ मीटर उंच आणि जेमतेम १८ मीटर रुंद, म्हणजे उंची रुंदीच्या चोवीस पट; तिच्यात ८०० टन. सेंट रीजिसमध्ये पाण्याच्या सहा टाक्या हेच काम करतात.

मोजमाप असं असतं: दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यात घरांच्या इमारतीला गुरुत्वत्वरणाच्या हजारात १५ ते १८ भाग, ऑफिसला २० ते २५. घरात माणूस रात्री आडवा असतो आणि वादळात उठून जात नाही, म्हणून मर्यादा कडक. तुमच्या फलकावर हे यायला हवं, कारण मुंबईतल्या उंच इमारती बहुतेक घरांच्याच आहेत. आपल्या मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे.

हॅनकॉकच्या काचाही विसरू नका. १९७३ पासून दुहेरी काचा फुटून खाली पडायला लागल्या. लोकांना हेलकाव्याचा संशय होता. खरं कारण काच आणि मधली धातूची पट्टी जोडणारं शिशाचं डाखकाम: जोड इतका ताठ की उन्हातान्हात आणि वाऱ्यात काचेला हलायला जागाच उरली नाही. शेवटी सगळ्या १०,३४४ काचा बदलल्या.

करी_रोडकर

मनापासून आभार, फलकांचं अर्धं काम झालं. पण ह्यूस्टन आणि सिएटल अजून सुटत नाही. जमीन झाली, वाराही झाला, तरी ३०५ आणि २८४ हेच आकडे का? आणि मुंबईच्या बाबतीत विमानतळाचं कारण नेहमी ऐकू येतं, ते तिथेही लागू आहे का?

उभा_छेद

आहे. अमेरिकेत जमिनीपासून २०० फुटांहून (६१ मीटर) उंच काहीही बांधायचं तर विमान वाहतूक प्रशासनाला आधी कळवावं लागतं. क्रेनसुद्धा यात येते. ते 'धोका नाही' असं पत्र देतात. ते नसेल तर पालिका, बँक, विमा कुणीच पुढे येत नाही. कोलंबिया सेंटर मुळात १,००५ फुटांचं काढलं होतं, या प्रशासनाच्या हरकतीवरून ९३३ वर आलं. ह्यूस्टनचा टॉवर ८० मजल्यांचा ठरला होता, ७५ वर थांबला, त्यामागेही हेच कारण सांगितलं जातं. सॅन दिएगोत विमानतळ शहराला इतका चिकटून आहे की मध्यभागी ५०० फुटांची मर्यादा आहे, आणि तिथली सर्वात उंच इमारत बरोबर ५०० फुटांचीच आहे.

मुंबईत आधी विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत झोन नकाशा, मग एनओसी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एनओसीतला आकडा जमिनीपासूनचा समजणं. तो समुद्रसपाटीपासूनचा असतो. प्लॉट टेकडीवर असेल तर तेवढे मीटर आधीच गेले. शिवाय लिफ्टची मशीन रूम, पाण्याची टाकी, वीजरोधक, सगळं धरून शेवटचं टोक त्या आकड्याच्या आत बसवावं लागतं. लोअर परळचं वर्ल्ड वन ४४२ मीटरचं, म्हणजे विलिस टॉवरइतकंच ठरलं होतं. ती परवानगी मिळाली नाही, ते २८० वर थांबलं. वरळीचं पॅले रोयाल ३२० मीटर. या दोन घ्या.

कायद्याने अडवलेली शहरंही आहेत. वॉशिंग्टनमध्ये १९१० चा कायदा आहे, रस्त्याच्या रुंदीपेक्षा फक्त २० फूट जास्त आणि व्यापारी रस्त्यांवर कमाल १३० फूट. फिलाडेल्फियात कायदा नव्हता, नुसता अलिखित करार: सिटी हॉलवरच्या विल्यम पेन (वसाहतीचे संस्थापक) यांच्या पुतळ्याच्या टोपीहून (१६७ मीटर) उंच कुणी जायचं नाही. तो मोडला १९८७ मध्ये, वन लिबर्टी प्लेसने, २८८ मीटर.

न्यूयॉर्कच्या काड्यांसारख्या इमारती एफएसआयच्या (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं त्या प्रमाणाच्या) हिशोबातून येतात, आपल्यासारख्याच. फरक असा की तिथे न वापरलेला एफएसआय साधारणपणे लागून असलेल्या प्लॉटकडूनच घेता येतो, आपला टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) उपनगरातल्या दुसऱ्या टोकालाही वापरता येतो. यंत्रांचे मजले एफएसआयमध्ये मोजत नसत, म्हणून ते उगाच उंच करून वरच्या घरांना दृश्य मिळवून दिलं जाई. २०१९ मध्ये नियम आला: असा पोकळ मजला २५ फुटांहून उंच असेल तर तोही मोजायचा.

एक दुरुस्ती. ह्यूस्टनची इमारत लिहिताना 'टेक्सासमधली सर्वात उंच' असं लिहू नका. ऑस्टिनमधलं वॉटरलाइन १,०२२ फुटांचं आहे, वीस फुटांनी पुढे. आणि ओक्लाहोमा सिटीतल्या ५८१ मीटरच्या टॉवरबद्दल काही वाचलंत तर तो प्रस्ताव आहे. तिथली उभी असलेली सर्वात उंच इमारत डेव्हन, २५७ मीटर.

पुठ्ठा_आणि_पट्टी

साहित्याचं मी सांगतो. साधा नालीदार पुठ्ठा ओलीने दोन दिवसांत नरम पडतो. सांगाड्याला ३ मिमी एमडीएफ, कातडीला १ मिमी ग्रे बोर्ड, तळाला १८ मिमी प्लाय. एमडीएफ पाणी पितं ते कडांतून, तेव्हा कापल्यावर कडांना वुड सीलरचे दोन हात. ग्रे बोर्डला रंग एकाच बाजूने दिला तर तो धनुष्यासारखा वाकतो. आतल्या बाजूलाही वॉर्निशचा एक हात हवा, आणि चिकटवायच्या आधी.

विलिस सर्वात सोपा. बाजू ६८.६ मीटर, म्हणजे १३७ मिमी. त्यात तीन बाय तीन अशा नऊ चौकोनी नळ्या, प्रत्येकी ४५.७ मिमी. उंच्या: ४०२ मिमीच्या दोन (५० वा मजला), ५३० च्या दोन (६६ वा), ७२३ च्या तीन (९० वा), ८८४ च्या दोन. मांडणी उत्तर वर धरून: पहिली ओळ ४०२, ७२३, ५३०; मधली ८८४, ८८४, ७२३; खालची ५३०, ७२३, ४०२. मधल्या उंच्या मी सरासरी मजल्यावरून काढल्यात, एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. रंग काळा. दोन अँटेना १७० मिमीच्या, पण त्या वेगळ्या रंगात, म्हणजे १,०५४ चा वाद लोकांना नजरेनेच कळेल.

वन वर्ल्ड ट्रेड अवघड. तळाचा ठोकळा १२२ मिमी चौरस, ११३ उंच. त्यावर आठ त्रिकोण. इथेच चूक होते: आठही सारखे कापतात आणि कडा मिळत नाहीत. चार त्रिकोणांचा पाया १२२ आणि उंची ७२१, ते सरळ उभे राहतात, टोक वर. उरलेल्या चारांचा पाया ८६.३, उंची ७२२.३, ते उलटे, टोक खाली, आणि आत झुकतात. माथ्यावर ८६.३ चा चौकोन ४५ अंश फिरवून. मध्यावर आधाराला सम अष्टकोनी पट्टी द्या. वर २४९ मिमीचा मनोरा, सायकलच्या चाकाची तार चालते. सगळ्या आतल्या पट्ट्या चारी बाजूंनी १ मिमी लहान कापा, कातडीची जाडी वजा.

१११ वेस्ट ५७ जादा म्हणून ठेवणार असाल तर ८७० मिमी उंच आणि ३६ रुंद होईल. आतून ६ मिमीचा आटे पाडलेला लोखंडी गज, तळाच्या प्लायखाली वॉशर आणि नट. नुसत्या गोंदावर ठेवलीत तर मंडपातल्या पंख्यानेच डोलेल. प्लायखाली रबराच्या चकत्या सगळ्यांनाच लावा, ढोल-ताशा सुरू झाला की मनोरे थरथरतात आणि तारा निसटतात.

ओळंबा

वरच्या पोस्टमध्ये एक दुरुस्ती, कापण्याआधी वाचा. सम अष्टकोन मध्यावर येत नाही. मध्यावर (ठोकळ्यापासून ३६० मिमी) उभ्या बाजू ६१ मिमी आणि तिरक्या ४३ मिमी असतात: १२२ चा चौकोन घेऊन प्रत्येक कोपरा दोन्हीकडून ३०.५ मिमीवर कापायचा. सगळ्या बाजू सारख्या, ५०.५ मिमी, होतात त्या ४२२ मिमीवर. तिथे कोपरा ३५.७ वर कापायचा. मध्यावर सम अष्टकोन घातलात तर उभे त्रिकोण कडांना सुटे राहतील आणि तिरके मध्येच आत दबतील. दोन्ही पट्ट्या द्या, एक ३६० वर आणि एक ४२२ वर. वजा १ मिमी दोन्हींना आहेच.